चार वाजताची तलफ

टपरीवर मला तोंडाने कधी काही मागावं लागलं नाही. दुपारी चारला छापखान्याच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडला, की चहावाले मामा एका हाताने कटिंग पुढे करायचे आणि दुसऱ्या हाताने सिगारेट. छपराच्या खांबाला बांधलेला सुंभ दिवसभर धुमसत असायचा. वाकायचं, पेटवायची, पहिला झुरका घ्यायचा आणि मग चहाचा घोट. सोळा वर्षं हा क्रम मोडला नव्हता. २०११च्या जूनमधल्या एका सोमवारी, सिगारेट सोडायची असं ठरवून मी टपरीवर गेलो. निर्धार पक्का होता, पण उजव्या हाताला त्याचा पत्ताच नव्हता. तो आपोआप पुढे झाला आणि सिगारेट बोटांत आलीसुद्धा.

“मामा, आजपासून नको,” मी म्हणालो.

मामांनी ती परत पाकिटात सरकवली. “बरं झालं. मग चहात आलं जरा जास्त टाकू का?”

चहा चांगलाच झणझणीत झाला. आणि पहिल्या घोटाबरोबर ती आली. घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं झालं, छातीत पोकळी पडल्यासारखी वाटली, तोंडाला पाणी सुटलं, डाव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासायला लागलं आणि नजर सुंभाच्या लाल टोकावरून हलेना. सहज घड्याळाकडे लक्ष गेलं तर चार वाजून सात मिनिटं झाली होती. तेवढ्यात मशीनवरच्या पोराने वरून हाक मारली. रंग जुळत नव्हता. मी जिना चढलो, शाईचं बघितलं, दोन कागद काढून पाहिले. पुन्हा घड्याळ बघितलं तेव्हा चार वाजून तेरा मिनिटं झाली होती आणि तलफ अंगात कुठेच नव्हती.

मी ओढली नव्हती, तरी ती गेली होती. सोळा वर्षं रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्या माणसाला ही साधी गोष्ट ठाऊक नव्हती, कारण तलफेचा शेवट काय होतो हे बघायला मी कधी थांबलोच नव्हतो. ती आली की भागवायची, एवढंच माहीत. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो, की तलफेला आयुष्य असतं, आणि ते काही मिनिटांचं असतं. या प्रकरणातलं बाकी सगळं या मिनिटांबद्दल आहे.

ती मिनिटं एवढी जड का जातात, हे कळायला मेंदूत डोकवावं लागतं. तंबाखूच्या पानातलं निकोटिन १८२८मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे पोसेल्ट आणि रायमन यांनी पहिल्यांदा वेगळं काढलं. झुरका आत घेतला की हे निकोटिन फुफ्फुसातून रक्तात शिरतं आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. दंडाच्या शिरेत टोचलेल्या औषधालाही एवढी घाई जमत नाही. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलिन नावाच्या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी केलेली कुलपं असतात. निकोटिनची किल्ली त्यांत बसते, पुढची साखळी हलते आणि डोपामिन सुटतं. “हे चांगलं झालं, हे लक्षात ठेव, पुन्हा कर,” असं मेंदूला शिकवणारं हे रसायन. एका सिगारेटीत साधारण दहा झुरके धरले तर दिवसाला वीस सिगारेटींचे दोनशे होतात, वर्षाचे त्र्याहत्तर हजार. दुसरा कुठलाही धडा आपण एवढ्या वेळा गिरवत नाही. मुलं पाढेसुद्धा एवढे घोकत नाहीत.

सतत किल्ल्या फिरायला लागल्या की मेंदू कुलपांची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग ही जादा कुलपं रिकामी पडतात आणि माणूस अस्वस्थ होतो. रात्रभराच्या झोपेनंतर तर सगळीच रिकामी, म्हणून उठल्याउठल्या ओढलेली पहिली सिगारेट सगळ्यांत गोड लागते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रोम यांनी व्यसनाची पातळी जोखायला जी प्रश्नावली केली, तिच्यात हाच प्रश्न महत्त्वाचा आहे: उठल्यावर किती वेळात पेटवता? पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर असेल तर शरीर निकोटिनवर घट्ट बांधलं गेलेलं आहे आणि मदत घेऊनच सोडावं. यात कमीपणा काहीच नाही.

“डोकं शांत करायला एक लागतेच,” असं मीही शपथेवर सांगायचो. खरं तर ज्या अस्वस्थपणावर ती सिगारेट उतारा ठरत होती, तो आधीच्या सिगारेटीने तयार केलेला होता. सोडून काही आठवडे झालेल्या लोकांची चिंता आणि उदासी, ते ओढत होते तेव्हापेक्षा कमी होते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं गेलं. पण ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कोणाला पटणार नाही, कारण पहिला आठवडा अगदी उलटं दाखवतो.

मी खिशात छोटी डायरी ठेवली होती. तलफ आली की वेळ लिहायची, कुठे होतो ते लिहायचं आणि ती किती मिनिटं टिकली ते लिहायचं. पहिल्या दिवसाचं पान दोन्ही बाजूंनी भरलं. तिसरा दिवस सगळ्यांत वाईट गेला. शरीराचा नियमच तसा आहे. त्रासाचं टोक पहिल्या दोन-तीन दिवसांत येतं आणि दोन ते चार आठवड्यांत तो बराचसा ओसरतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीच्या हातून पाण्याचा पेला लवंडला आणि मी अशा आवाजात ओरडलो, की ती दाराआड जाऊन उभी राहिली. रात्री तिला शेजारी घेऊन सांगितलं, “बाबांचं अंग आजारी आहे गं, पंधरा दिवसांत बरं होईल.” दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारायला लागली. घरच्यांना आधी सांगून ठेवा, असं मी कळकळीने सांगतो ते यामुळे. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं, भूक वाढणं, बद्धकोष्ठ, काही जणांना सुरुवातीला वाढलेला खोकला हे सगळं होऊ शकतं आणि हे सगळं जातं. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं नेहमीचंच आहे. त्याची धास्ती घेऊन पुन्हा पेटवू नका. वजनाचं नंतर बघता येतं.

एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि आपल्याकडे ती सांगायलाच हवी. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करत असतं. धूर थांबला की हा वेग खाली येतो. मग नेहमीचेच पाच-सहा कप चहा घेतले तरी रक्तात कॅफीन पूर्वीपेक्षा बरंच जास्त साठतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते आणि माणूस म्हणतो, “सिगारेट सोडल्याने माझं हे झालं.” पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणली तर यातला बराच त्रास टळतो. मी दुपारनंतरचा चहा बंद करून ताक घ्यायला लागलो आणि चार दिवसांत झोप लागली.

इथवर मी सिगारेटीचं बोलत आलो, पण हे पुस्तक वाचणाऱ्या अनेक घरांत धूर नसेल आणि तलफ असेल. २०१६-१७च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं खरं व्यसन हातावर मळलं जातं, दाताला लावलं जातं, गालात धरलं जातं. तळहातावर चुना-तंबाखू मळून बार भरणारा शेतकरी, खर्रा खाणारा विदर्भातला तरुण आणि सकाळी न्हाणीपाशी बसून तर्जनीने मिश्री घासणारी आजी, तिघांच्याही मेंदूत कुलपं तीच आणि किल्ली तीच. तोंडातल्या त्वचेतून निकोटिन सावकाश शिरतं आणि जास्त वेळ टिकतं, एवढाच फरक. मिश्री लावणाऱ्या बाईला तिच्या सवयीला कोणी व्यसन म्हटलेलं आवडत नाही. ती दात घासते, एवढंच तिचं म्हणणं. पण मिश्रीचा डबा संपलेल्या दिवशी तिचं डोकं का ठणकतं आणि पोट साफ का होत नाही, याचं उत्तर हेच आहे. खाली सांगितलेलं सगळं तिलाही लागू आहे.

आता त्या सुंभाकडे परत येऊ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. तलफेबद्दल ते शब्दशः खरं आहे. वाढलेली कुलपं साधारण सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्या माणसाइतकी होतात. शरीराची मागणी संपते. तरीही पाचव्या महिन्यात, जेवणानंतर, एखाद्या मित्राने खिशातून पाकीट काढल्याचा नुसता आवाज आला की ती सबंध उभी राहते. पावलॉवच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. अन्नाच्या आधी एखादा ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की पुढे नुसत्या त्या आवाजानेच लाळ सुटते. माझ्या वर्षाच्या त्र्याहत्तर हजार झुरक्यांबरोबर चहाचा वास, चार वाजले हे भान, छापखान्याच्या पायऱ्या, फोनवरची लांबलेली बोलणी आणि पावसाची पहिली सर एवढं सगळं बांधलं गेलेलं होतं. डायरीची पानं उलटताना दिसलं, की पहिल्या आठवड्यातल्या नोंदी दिवसभर विखुरलेल्या होत्या, आणि दुसऱ्या महिन्यातल्या जवळजवळ सगळ्या चारच्या आसपास होत्या. देहाची तलफ संपली होती, उरली होती ती जागेची आणि वेळेची.

मेंदूत ही आठवण कुठे राहते, याचा एक धागा २००७मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या एका निबंधाने हाती दिला. नकवी, बेचारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या, पूर्वी धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांच्या मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाला मार बसला होता, त्यांच्यातल्या अनेकांची सिगारेट जवळजवळ एका दिवसात, विनासायास सुटली होती. त्यांना तलफच येत नव्हती. इन्सुला म्हणजे शरीराच्या आतल्या हालचालींची जाणीव करून देणारा भाग. घशातली ओढ, छातीतली पोकळी आपल्याला कळते ती तिथे. तलफ ही आधी शरीरात होणारी जाणीव आहे आणि तिच्याकडे जाणीव म्हणूनच बघता येतं, हे मला त्या निबंधाने शिकवलं.

तसं बघायचं कसं, याची रीत ॲलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घालून दिली. तलफ म्हणजे समुद्राची लाट, असं ते समजावत. कोकणात समुद्रात डुंबलेल्या पोराला हे वेगळं सांगावं लागत नाही. लाटेसमोर पाय रोवून ताठ उभं राहिलं की ती आडवं पाडते आणि नाकातोंडात पाणी जातं. अंग सैल सोडून तिच्याबरोबर वर उचललं जायचं. ती खालून निघून जाते आणि पाय पुन्हा वाळूला लागतात. तलफेच्या वेळी “नाही, नाही, ओढणार नाही” असं मनाशी घोकत राहिलं की डोक्यात सिगारेटीशिवाय काही उरत नाही. त्याऐवजी तलफ आत्ता अंगात कुठे आहे ते शोधायचं. घशात? दातांत? बोटांच्या टोकांना? वाढते आहे की स्थिर आहे? श्वास सावकाश आत घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. झुरका घेताना आपण नेमकं हेच करत होतो, सिगारेटीने मिळणारी थोडी शांतता त्या लांब श्वासाचीही होती. घड्याळ समोर ठेवा. दोन-तीन मिनिटांनी लाट कलायला लागलेली कळते. प्रत्येक लाट न भागवता गेली, की चहा आणि सिगारेट यांच्यातली गाठ एक वेढा सैल होते. म्हणून टपरी कायमची टाळून चालत नाही, असं माझं मत आहे. पहिले पंधरा दिवस जरूर टाळा, त्यानंतर मात्र एकदा तिथे उभं राहून नुसता चहा पिऊन या. दारूच्या बैठकीला हा सल्ला लागू नाही. तिथे पहिले दोन-तीन महिने जाऊच नका. कितीतरी जणांचा निश्चय पहिल्या पेल्याबरोबर गळून पडलेला मी पाहिला आहे.

बसवत नसेल तर चाला. दहा-पंधरा मिनिटं झपझप चालण्याने तलफ उतरते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तोंडाला काम हवं असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा, आवळकाठी जवळ ठेवा. सुपारी नको. नुसती सुपारीही कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच जाहीर केलं आहे. आणि सिगारेट सुटावी म्हणून तंबाखूचा बार किंवा गुटखा तर मुळीच नको. असं करणारे फार आहेत आणि त्यांना आपण सुटलो असं प्रामाणिकपणे वाटत असतं.

ज्यांचं शरीर घट्ट बांधलं गेलं आहे, त्यांच्यासाठी निकोटिनचा गम आहे. त्याचा जन्म पाणबुडीतून झाला. १९६७मध्ये स्वीडनच्या लुंड इथल्या क्लेस लुंडग्रेन या संशोधकाच्या लक्षात आलं, की पाणबुडीत धूम्रपानाला बंदी असल्याने खलाशी तेवढे दिवस तोंडात तंबाखू धरून भागवतात. त्याने हे ओवे फेर्नो या औषध कंपनीतल्या मित्राला कळवलं. फेर्नो स्वतः सिगारेटीत बुडालेला. धूर आणि डांबर वगळून नुसतं निकोटिन थोडं थोडं तोंडातून द्यायचं, ही कल्पना त्याने उचलली आणि बऱ्याच खटपटीनंतर १९७८मध्ये गम पहिल्यांदा स्वित्झर्लंडच्या बाजारात आला.

आपल्याकडे तो दोन आणि चार मिलिग्रॅमच्या ताकदीत मिळतो, पण बहुतेक लोक तो चुकीचा खातात. साध्या च्युइंग गमसारखा चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळतं आणि “याचा काही उपयोग नाही” म्हणून पाकीट फेकलं जातं. सावकाश चार-सहा वेळा चावा, जिभेला चुरचुरलं की थांबा आणि तंबाखूचा बार ठेवतात तसा गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चुरचुर गेली की पुन्हा चावा, जागा बदला. अर्धा तास पुरतो. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, कारण आंबटपणामुळे निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. तलफ शिगेला पोचायची वाट न बघता, ज्या वेळा डायरीत लिहिल्या आहेत त्यांच्या थोडं आधी घ्या. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तलफच बोथट करणाऱ्या व्हरेनिक्लिनसारख्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो. त्या चित्राकडे बघवत नाही म्हणून आपण क्रमांकही वाचत नाही. तो वाचा. पलीकडे शिकलेली माणसं बसलेली आहेत.

“एक झुरका मारल्याने काय होतंय?” हा प्रश्न सगळ्यांना कधी ना कधी पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात आर्थर ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन २००६मध्ये याचं उत्तर दिलं. एक-दोन झुरक्यांत मेंदूतली निम्मी कुलपं भरतात आणि सुमारे तीन तास तशीच राहतात. झुरका लहान नसतो. मात्र तो घेतला गेलाच, तर त्या दिवशी सगळं संपलं असं मानू नका. मी स्वतः चौथ्या आठवड्यात एका लग्नाच्या मांडवामागे अर्धी सिगारेट ओढली. घरी येताना वाटत होतं, आता सोडून काय उपयोग, उद्यापासून पुन्हा सुरूच. घसरणाऱ्याला खाली ढकलतो तो हा विचार, घसरणं नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी डायरीत लिहिलं: “लग्न, रात्री साडेनऊ, भागवली.” आणि खालच्या ओळीपासून नोंदी पुढे चालू केल्या. लेकीला सांगितलं तेव्हा तिने त्या दिवसाच्या फुलीभोवती एक गोल काढला आणि पुढच्या दिवसावर फुली मारली.

पुढच्या फेब्रुवारीत, आठ महिने झाल्यावर, रात्री साताऱ्याच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. फलाटाच्या टोकाला अंधारात कोणीतरी काडी ओढली. गंधकाचा वास आला, मग विडीचा. मी कधीच विडी ओढलेली नव्हती, तरी ती आली, घशात, छातीत, बोटांत, सगळी ओळखीची. स्टँडच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. डायरी जवळ ठेवणं मी कधीच बंद केलं होतं. पिशवी दोन पायांमध्ये धरून उभा राहिलो. घशातली ओढ आधी वर चढली, थोडी थांबली, मग दातांकडे सरकली आणि पातळ होत गेली. गाडी लागली. मी चढून खिडकीशी बसलो, तिकीट काढलं आणि खिशातलं पेन काढून त्याच्या मागे लिहिलं: सातारा स्टँड, तीन मिनिटं.